उंबरठ्याच्या आत आलेले यंत्र : किर्लोस्करवाडी, कडबाकुट्टी आणि एक विस्मृत कायदा

१८९७ हे साल मराठी इतिहासाच्या वाचकाला पाठ असते. पुण्यातला प्लेग, रँडचा वध, चापेकर बंधू. त्याच वर्षी लंडनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने एक लहानसा कायदा संमत केला. आज तो इंग्लंडातही फार थोड्यांना आठवत असेल. त्याचा विषय होता वैरण कापण्याच्या यंत्राने होणारे अपघात. आजचा हा दीर्घ धागा त्या कायद्यापासून सुरू होतो आणि सातारा-सांगलीच्या गोठ्यात येऊन थांबतो.

कायद्याचा आशय अगदी साधा होता. माणसाच्या बळाखेरीज अन्य शक्तीवर चालणाऱ्या वैरण कापण्याच्या यंत्राचे तोंड असे घडवावे की वैरण घालणाऱ्याचा हात रुळांमधून पात्यांकडे ओढला जाऊ नये. आणि यंत्र चालू असताना त्याचे मोठे चाक व पाती पक्क्या आडोशाखाली असावीत. मळणी यंत्रासाठी असाच कायदा तिथे १८७८ मध्येच झालेला होता. वाफेचे इंजिन शेतावर आले, त्यामागून तुटलेल्या हातांच्या हकिगती आल्या आणि त्यामागून कायदा आला, असा तो क्रम.

हातचक्रावर चालणारी यंत्रे मात्र या कायद्याने वगळली. त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. हाताने चालणाऱ्या यंत्रावर दोन माणसे लागतात, एक चाक फिरवणारा आणि दुसरा वैरण घालणारा. दुसऱ्याने ओरड केली की पहिल्याचा हात थांबतो. तिथे चाक फिरवणारा माणूस हीच सुरक्षेची व्यवस्था असते. त्याच्या जागी इंजिन आले की ती व्यवस्था नाहीशी होते, कारण इंजिनाला ओरड ऐकू येत नाही.

आता बेळगावला येऊ. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे रंग सोडावे लागले, यांत्रिक रेखन मात्र हाती राहिले. काही काळ त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत अध्यापन केले. बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलींचे दुकान काढले ते १८८८ मध्ये. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर त्यांनी शेतीच्या अवजारांकडे मोर्चा वळवला. लोखंडी नांगराची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी तो नांगर आरंभी कोणी घेईना, हे शालेय पुस्तकांपर्यंत पोचलेले आहे. त्या नांगराच्याही आधी त्यांनी हाती घेतलेली वस्तू मात्र आपण विसरतो. ती होती कडबा कापण्याचे यंत्र.

नांगराला पुतळ्याचे भाग्य लाभले. कडबाकुट्टीला गोठ्यातला कोपरा. पण सामान्य कुटुंबाच्या घरात, उंबरठ्याच्या आत, शिरलेले पहिले धोकादायक यंत्र शोधायचे झाले तर माझे बोट कडबाकुट्टीकडेच वळेल. नांगर शेतात राहतो, रहाट विहिरीवर आणि घाणा तेल्याकडे. कुट्टीचे यंत्र मात्र चुलीपासून दहा पावलांवर असते आणि रोज दोन वेळा चालते.

बेळगावातील जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली आणि किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर माळजमीन देऊ केली, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. इथला भूगोल थोडा गुंतागुंतीचा आहे. औंध हे गाव आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते, मिरज वेगळे होते आणि मधली कित्येक गावे ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. या तुकड्यातुकड्यांच्या नकाशाचा आपल्या विषयाशी संबंध आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत, आणि महाराष्ट्रातील एक अग्रगण्य यंत्रनिर्माता संस्थानी भूमीवर उभा होता.

या प्रदेशाला कुट्टीची गरज का भासली, हेही पाहू. माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा पट्टा, ज्वारीचा आणि खिलार बैलांचा. ज्वारीचे दाणे माणसाला आणि कडबा जनावराला, असा इथला जुना हिशेब. अख्खी पेंढी पुढ्यात टाकली की जनावर पाने व कोवळा भाग खाते आणि जाड बुडखे गव्हाणीत तुडवते. तोच कडबा बोटा-दीड बोटाचे तुकडे करून दिला की बुडख्यासकट संपतो. दुष्काळात वैरणीची गंज आठवडाभर अधिक पुरली, तर बैल बाजारात नेण्याची वेळ टळू शकते. पूर्वी हे काम ओंडक्यावर पेंढी ठेवून कुऱ्हाडीने वा कोयत्याने होई. म्हणून कुट्टीचे यंत्र ही चैनीची वस्तू नव्हती. शेतकऱ्याने ती हौसेखातर घेतली नाही.

या यंत्राची रचना शंभर वर्षांत मुळात बदललेली नाही. एका लांबट पेटीतून वैरण पुढे सरकते. पेटीच्या टोकाशी दोन दातेरी रूळ एकमेकांवर फिरत असतात. ते वैरण दाबून आत खेचतात. पलीकडे बिडाचे जड चाक असते आणि त्याच्या आऱ्यांवर दोन किंवा तीन बाकदार पाती बसवलेली असतात. पाते नजरेला भय दाखवते, पण घात रूळ करतात. बोटाचे टोक, बांगडी, पदराचा काठ, सदऱ्याची बाही, यांपैकी काहीही दातांत सापडले की रूळ ते वैरणीसारखेच आत घेतात आणि माघारी सोडत नाहीत.

याचा वेग किती, ते साध्या गुणाकाराने काढता येते. चाकावर दोन पाती आहेत, चाक मिनिटाला ३०० फेरे घेते आणि तुकडा दीड सेंटिमीटरचा पडतो, असे धरू. मिनिटाला ६०० काप, म्हणजे ९०० सेंटिमीटर वैरण. सेकंदाला १५ सेंटिमीटर. प्रौढ माणसाचा पंजा बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत साधारण १८ सेंटिमीटर भरतो. रुळाला बोट लागल्यापासून मनगट आत जाईपर्यंत सव्वा सेकंद उरतो. मोटारीचा खटका समोरच्या भिंतीवर असेल तर तो असून नसल्यासारखा. शिवाय खटका पाडला तरी जड चाक साठवलेल्या वेगाने काही काळ फिरतच राहते. उत्तम यंत्रांना रूळ पुढे, स्थिर आणि उलट फिरवणारा दांडा असतो. घालणाऱ्याचा दुसरा हात त्या दांड्यापर्यंत पोचतो की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते.

इथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. १९१० मध्येच, कुंडल रोडच्या माळावर भट्टी पेटत असताना, अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोघांनी एक छोटा यंत्रकारखाना सुरू केला. त्यांना १९१७ मध्ये हातात धरून चालवण्याच्या विजेच्या ड्रिलचे पेटंट मिळाले. विजेवरचे ड्रिल त्याआधीही होते. जर्मनीत फाइन बंधूंनी ते १८९५ मध्ये बनवले होते. ब्लॅक आणि डेकर यांचे वैशिष्ट्य होते पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा. बोट दाबलेले असेल तोवर ड्रिल फिरते, बोट सुटले की वीज तुटते. १८९७ च्या कायद्याने ज्याची उणीव ओळखली होती, तो ओरड ऐकून थांबणारा माणूस या घोड्याच्या रूपाने यंत्रात परत आला. आज आपल्या घरातील ड्रिल हाताळताना जी सुरक्षितता आपण गृहीत धरतो, तिचे मूळ त्या मुठीत आहे. कडबाकुट्टीला असा घोडा कधीच मिळाला नाही.

आणि कायदा? हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने यंत्रांना कुंपण घालण्याची अट घातली, पण १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरतीच. १८९१ मध्ये ही संख्या ५० वर आली, १९२२ मध्ये २० वर, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या ठिकाणी १० वर. सत्तर वर्षे कायदा एकेक पायरी खाली उतरत होता. शेवटच्या पायरीखाली घर होते, आणि घरापर्यंत तो उतरला नाही.

१९४८ च्या कायद्याचे २२ वे कलम या संदर्भात मुद्दाम वाचावे. चालू यंत्राजवळ करावयाचे काम खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, त्याने अंगासरशी घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असे ते सांगत असे. स्त्रियांनी किंवा अठरा वर्षांखालील मुलांनी चालू यंत्राचे भाग पुसणे, त्यांना तेल देणे वा ते जुळवणे याला ते मनाई करत असे. स्त्रीला दुबळे समजणारा जुना दृष्टिकोन त्यात आहे, यावर वाद होऊ शकेल. पण मनात हे कलम ठेवून संध्याकाळी कोणत्याही गोठ्यात डोकावावे. कुट्टीपाशी नऊवारी किंवा सहावारी नेसलेली घरची बाई उभी असते. पदर खोचलेला असतो किंवा नसतो. हातात काकणे असतात. पेंढ्या आणून देणारे पोर शाळेतून नुकतेच आलेले असते. कारखान्यात कायद्याने ज्यांना यंत्रापासून दूर ठेवले, नेमकी तीच माणसे घरात यंत्राच्या तोंडाशी उभी राहिली. आणि कारखान्यातील गंभीर अपघाताची निरीक्षकाकडे नोंद होते, तशी गोठ्यातल्या अपघाताची कोणत्याही निरीक्षकाकडे होत नाही. खानापूर तालुक्यातील विटा हे यंत्रमागांचे गाव. तिथे घराला लागूनच माग असलेल्या कुटुंबांतही घर आणि कारखाना यांची सीमा अशीच पुसट होते.

हातचक्राची जागा इंजिनाने घेतली ती विसाव्या शतकाच्या मध्यात. साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचा सातारा रोड येथील कारखाना नांगरांकडून डिझेल इंजिनांकडे वळला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. किर्लोस्करांनीही १९४६ मध्ये तेल-इंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी काढली. विहिरीवरचे इंजिन पट्ट्याने कुट्टीलाही जोडता येई, आणि तो उघडा पट्टा हा आणखी एक घातक भाग ठरला. मग १९६२ मध्ये कोयनेच्या पहिल्या टप्प्यातून वीजनिर्मिती सुरू झाली. तारा आधी विहिरीवर गेल्या, तिथून गोठ्यात. दुधाचा धंदा वाढला, संकरित गायी आल्या, उसाचे वाढे आणि हत्ती गवत कुट्टीत जाऊ लागले. दोन माणसांचे काम एकटी बाई करू लागली. याला आपण प्रगती म्हणतो, आणि ती प्रगतीच होती. तिच्या बदल्यात दुसरा माणूस यंत्रापासून हटला, एवढेच.

विजेने एक नवा धोका आणला. इतिहासलेखनात त्याची दखल कोणी घेतलेली माझ्या वाचनात नाही. आपल्याकडे वीज जाते आणि अवेळी येते. यंत्र अडकलेले असताना वीज गेली, तर माणूस सहज हात घालून अडकलेली वैरण काढू लागतो. खटका चालूच असेल तर वीज परतताच यंत्र सुरू होते. चांगल्या स्टार्टरमध्ये यावर उपाय असतो; वीज गेली की तो सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. परंतु रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकऱ्यांनी स्टार्टरला ‘ऑटो स्विच’ बसवले. रोहित्रांवर ताण येतो म्हणून वीज कंपनी हे स्विच काढण्याचे आवाहन करत आली आहे. कुट्टीचे यंत्र अशा स्टार्टरवर असेल तर प्रश्न रोहित्रापुरता राहत नाही. अर्थिंग नसलेली मोटार, शेण-मुताने ओली जमीन आणि अनवाणी पाय, हे त्यातले आणखी एक प्रकरण.

अखेर १९८३ मध्ये भारतीय संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. हरितक्रांतीच्या प्रदेशात मळणी यंत्रांनी अनेकांचे हात नेल्यानंतर तो आला. शेती आणि ग्रामीण क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या, चालवणाऱ्याचा जीव वा अवयव घेऊ शकणाऱ्या यंत्रांची निर्मिती व विक्री केंद्राच्या नियंत्रणाखाली आणण्याची आणि अपघातग्रस्ताला भरपाई देण्याची तरतूद त्यात आहे. १८९७ आणि १९८३ यांत ८६ वर्षांचे अंतर आहे. त्यातली पहिली ५० वर्षे आपल्यावर त्याच पार्लमेंटचे राज्य होते. आपल्या खेड्यातल्या हाताचे मोल ठरवण्यात साम्राज्याने घाई केली नाही. त्यानंतरच्या ३६ वर्षांचा जाब मात्र लंडनला विचारता येणार नाही.

मोलाचा विषय निघालाच आहे, तर कामगार भरपाई कायद्याचे परिशिष्ट आठवते. १९२३ च्या या कायद्यात अवयवागणिक टक्केवारी दिलेली होती. त्याच्या परिशिष्टात संपूर्ण अंगठा गेला तर कमावण्याच्या क्षमतेची हानी ३० टक्के, तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२ टक्के. हा कोरडा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो. तरीही कामगाराच्या हातासाठी निदान तक्ता तरी आहे. स्वतःच्या गोठ्यात बोट गमावणाऱ्या गृहिणीचा कोणी मालक नसतो, म्हणून तिच्या बोटाला हा तक्ता लागू होत नाही.

तुटलेले बोट पुन्हा जोडता येते का? याचाही इतिहास आहे आणि तो फार जुना नाही. १९६२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे रोनाल्ड माल्ट यांच्या पथकाने एका मुलाचा संपूर्ण तुटलेला हात जोडला. १९६३ मध्ये शांघायमध्ये चेन झोंगवेई यांनी यंत्रात सापडून तुटलेला एका कामगाराचा पंजा जोडला. १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून अंगठा जोडला. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढल्यापासून सांगली-मिरज हे या भागाचे वैद्यकीय केंद्र आहे, आणि अपघातग्रस्ताची गाडी सहसा तिकडेच धावते. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तो भाग थेट बर्फावर ठेवू नये, त्याने पेशी मरतात. वेळ मिनिटांत मोजावी. कडबाकुट्टीत मात्र रुळांनी आधी चिरडलेला आणि मग पात्याने कापलेला भाग जोडणे शल्यविशारदालाही अवघड जाते, हे लक्षात असू द्यावे.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी ड्रिलखेरीज ग्राइंडर आणि मार्बल कटरही आलेले आहेत. ग्राइंडरची गोष्ट कुट्टीशी फार जुळते. त्याच्या चकतीवर अर्धगोल आडोसा कंपनीनेच बसवून दिलेला असतो. पण तो आड येतो म्हणून काढला जातो आणि मग त्याच जागी लाकूड कापायचे दातेरी पाते चढवले जाते. चकती बदलण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढणे, डोळ्यांवर चष्मा, फिरत्या यंत्रापाशी सैल कपडे वा सुटे केस नसणे, या गोष्टी यंत्रासोबतच्या पुस्तिकेत छापलेल्या असतात. ती पुस्तिका खोक्यासोबत माळ्यावर जाते.

सुटीत गावी गेलात तर गोठ्यातल्या कुट्टीपाशी जरा थांबा. यंत्र बंद असेल तेव्हाच जवळ जा. लहान मुले मोकळे चाक खेळण्यासारखे फिरवतात, म्हणून ते खिळीने वा साखळीने अडकवलेले आहे का ते पाहा. बिडाच्या चाकावर कारखान्याचे नाव ओतीव अक्षरांत असते. पेटीच्या तोंडावर झाकण आहे का, आणि असल्यास ते हाताच्या लांबीइतके लांब आहे का. चाकावर जाळी आहे का. खटका वैरण घालणाऱ्याच्या हाताशी आहे की दाराबाहेर. स्टार्टरला ऑटो स्विच जोडलेला आहे का. नाव, गाव आणि या चार प्रश्नांची उत्तरे खाली लिहा. माणसांचे फोटो नकोत, यंत्राचे चालतील. जुन्या हातचक्राच्या यंत्राचे छायाचित्र कोणाकडे असेल तर अवश्य द्या.

पुढचा धागा ओगलेवाडीचा, प्रभाकर कंदिलाचा.